रक्ताचा थेंब आणि सोन्याची रेघ

पुण्याहून मुंबईकडे निघालेली आगगाडी तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली अशी एकेक स्थानके मागे टाकीत लोणावळ्याच्या घाटमाथ्याला भिडते, तेव्हा खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाला मावळ तालुका म्हणजे लोहमार्गालगतची एक अरुंद, वर्दळीची पट्टी आहे असे वाटते; परंतु खरा मावळ या पट्टीच्या दोन्ही अंगांना, अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशा तीन खोऱ्यांत पसरलेला आहे, आणि तेथील वाड्यावस्त्यांचे अंतर मैलांनी मोजण्यापेक्षा पावसाने मोजणे अधिक यथार्थ ठरते. लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. उन्हाळ्यात तासाभराची असलेली वाट आषाढात अर्ध्या दिवसाची होते, आणि ताप मात्र आषाढातच येतो.

अशा वस्तीवर कोणाला थंडी वाजून हुडहुडी भरली, तर हिवतापाचा संशय घेऊन रक्त तपासण्याचा जो शिरस्ता अनेक दशके चालत आला, त्याचा क्रम प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. आरोग्य खात्याचा कर्मचारी बोटाच्या टोकास सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचे एक जाड व एक पातळ असे दोन लेप देई. ती काचपट्टी कागदात गुंडाळून, वर नावनिशी लिहून, खोऱ्याबाहेरच्या प्रयोगशाळेकडे रवाना होई. तेथे तिला रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाई. आणि अखेर तिचा अहवाल, काचपट्टी आली त्याच वाटेने परत जाई. या पद्धतीत शास्त्रदृष्ट्या उणे काहीच नव्हते, आणि सूक्ष्मदर्शकाची तपासणी आजही प्रमाण मानली जाते. उणीव होती ती काळाची. रक्त खोऱ्यातून खाली उतरायचे, उत्तर खोऱ्यात वर चढायचे, आणि या दोन प्रवासांच्या मधल्या दिवसांत रोगी आपल्या घोंगडीत पडून राहायचा.

प्रस्तुत प्रकरणाचा विषय असलेल्या जैवसंवेदकांचे प्रयोजन हा मधला काळ पुसून टाकणे हे आहे. रक्ताने प्रयोगशाळेकडे जाण्याऐवजी प्रयोगशाळेनेच बोटभर लांबीची होऊन रक्ताकडे यावे, हा तो विचार होय. तो कसा सिद्धीस गेला आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्यासाठी आपल्याला मावळ तालुक्याच्या बाहेर फारसे जावे लागत नाही.

जैवसंवेदक या भारदस्त शब्दाचा अर्थ साधा आहे. त्याची अंगे दोन: एक ओळखणारे आणि दुसरे सांगणारे. रक्ताच्या एका थेंबात अक्षरशः हजारो प्रकारचे रेणू असतात, आणि त्या गर्दीतून हवा तो एकच रेणू हुडकून काढण्याचे काम सजीवसृष्टीतूनच उसने घेतलेला एखादा पदार्थ करतो, मग तो साखरेचे विघटन घडवणारा विकर असो की विशिष्ट रोगजंतूच्या विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड असो. परंतु ओळख पटली तरी ती मूक असते; रेणूला रेणू भेटल्याचे मनुष्याला कळावे यासाठी त्या भेटीचे रूपांतर रंगात, विजेच्या प्रवाहात किंवा एखाद्या अंकात करणारे दुसरे अंग लागते. अमेरिकेतील लेलंड क्लार्क यांनी १९६२ साली विकराचा थर विद्युदग्रावर बसवून साखर मोजण्याची कल्पना मांडली, तेव्हा ही दोन अंगे प्रथम एकत्र आली. आज घरोघरी दिसणारे रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र त्याच कल्पनेच्या वंशातले आहे.

आता यात अब्जांश मीटरांच्या, म्हणजे नॅनोमीटरच्या मापाची गरज का पडावी? मापांचा हिशोब मांडला म्हणजे उत्तर आपोआप मिळते. मनुष्याचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. तांबडी रक्तपेशी सुमारे ७,००० ते ८,००० नॅनोमीटर रुंद असते. २०२० साली जगाला कोंडून घालणारा विषाणू १०० नॅनोमीटरांच्या आसपास, आणि त्याला ओळखणारे प्रतिपिंड अवघे १० ते १५ नॅनोमीटरांचे. ज्याच्याशी गाठ घालावयाची तोच इतका लहान असेल, तर त्याची वार्ता आणणारा दूतही त्याच्या तोलामोलाचा असावा लागतो.

दुसरे कारण पृष्ठभागाचे आहे, आणि ते सोनाराच्या मापाने सांगितले तर अधिक स्पष्ट होईल. एक गुंज सोन्याचा वाटोळा मणी केला, तर त्याचा पृष्ठभाग एका चौरस सेंटिमीटरचा जेमतेम सहावा हिस्सा भरेल. तेच गुंजभर सोने ४० नॅनोमीटर व्यासाच्या कणांत विभागले, तर कणांची संख्या पावणेदोनशे लाख कोटींच्या पुढे जाते आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग एक चौरस मीटरच्या आसपास पोहोचतो, म्हणजे मनुष्याने मांडी घालून ऐसपैस बसावे एवढा. सोने तेवढेच राहते. पण रेणूंना येऊन बसण्याची जागा पन्नास हजार पटींहून अधिक वाढते.

सोनेच का, याचे उत्तर त्याच्या रंगात आहे. सोने पिवळे असते ही आपली समजूत दागिन्यांपुरतीच खरी आहे. लंडनच्या मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली, जेव्हा हिंदुस्थानात उठावाचा वणवा पेटत होता त्याच वर्षी, सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवून दाखवले, तेव्हा ते पाणी माणकासारखे लाल दिसले. सोने न विरघळता इतके बारीक झाले आहे की त्याचे प्रकाशाशी असलेले नातेच पालटले आहे, हे फॅरडे यांनी ओळखले. परंतु त्या लालीचा गणिती उलगडा होण्यास अर्धशतक जावे लागले, आणि तो १९०८ साली जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी केला. अशा कणातील इलेक्ट्रॉन प्रकाशलहरींच्या तालावर एकजुटीने आंदोलतात आणि सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश गिळून टाकतात, म्हणून उरलेला प्रकाश डोळ्यास लाल दिसतो.

१९०८ हे साल मावळच्या वाचकाने विसरू नये असेच आहे, कारण त्याच साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून उभारलेल्या निधीतून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने आणि परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखाली ही भट्टी पेटली. यातील मला महत्त्वाचे वाटते ते असे की, युरोपातील कारागीर काचेला माणकाचा लाल रंग आणण्यासाठी शतकानुशतके तीत सोन्याचा अंश मिसळीत आले होते, आणि ती लाली म्हणजे काचेत अडकलेले सोन्याचे हेच अब्जांशी कण होते. हात जे करीत होते ते बुद्धीला नंतर कळले. काचेचा रंग आणि रक्ताची परीक्षा या दोन दूरच्या विद्यांना जोडणारा धागा असा एकाच धातूचा आहे.

हे कण करण्याची रीतही विलक्षण सोपी आहे. १९५१ साली जॉन तुर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत सोन्याच्या क्षाराचे पातळ द्रावण उकळीस आणून त्यात सायट्रेट, म्हणजे लिंबातील आम्लापासून होणारा क्षार, घालतात; काही मिनिटांत द्रावणाचा रंग पालटत पालटत गर्द लाल होतो. त्या प्रत्येक कणाभोवती मग प्रतिपिंडे बसवली की दूत तयार झाला. त्याच्या अंगावर लाल पोशाख आहे आणि हातात एकाच गुन्हेगाराचे वर्णन आहे.

आता चाचणीच्या पट्टीवर काय घडते ते क्रमाने पाहू. हिवतापाच्या पट्टीवर बोटाच्या रक्ताचे अवघे ५ मायक्रोलिटर, म्हणजे एका साध्या थेंबाचा दहावा हिस्सा, ठेवतात आणि त्यावर द्रावणाचे काही थेंब टाकतात. द्रावण तांबड्या पेशी फोडते आणि त्यांच्या आत दडलेली हिवतापाच्या परोपजीवींची प्रथिने मोकळी होतात. टीपकागद ज्या केशाकर्षणाने शाई शोषून घेतो, त्याच केशाकर्षणाने हे सारे मिश्रण पट्टीवरून पुढे सरकू लागते. त्याला ना पंप लागतो ना वीज. वाटेत वाळवून ठेवलेले सोन्याचे कण भिजून जागे होतात आणि रक्तात रोगाचे प्रथिन असेल तर त्याला घट्ट धरतात. पुढे नायट्रोसेल्युलोजच्या पांढऱ्या पडद्यावर डोळ्याला न दिसणाऱ्या रेघेत दुसरी प्रतिपिंडे रोवलेली असतात; ती त्याच प्रथिनाचे दुसरे टोक पकडतात, आणि प्रथिनासकट सोन्याचा कण तेथे अडकतो. एक कण अडकला तर काहीच दिसत नाही. पण कोट्यवधी कण एका ओळीत अडकले की त्या ठिकाणी लाल रेघ उमटते. रोगाचे प्रथिन नसेल तर कण तेथून बिनदिक्कत पुढे निघून जातात.

याच पट्टीवर आणखी पुढे एक नियंत्रण रेघ असते, आणि तिचे काम सरकारी दप्तरातील पडताळणीसारखे आहे. रोग असो वा नसो, ती उमटलीच पाहिजे. ती उमटली तरच द्रव शेवटपर्यंत वाहिला आणि सोन्याचे दूत जिवंत होते असे समजावे. ती न उमटल्यास पट्टीची सारी जबानी रद्द करावी आणि दुसरी पट्टी घ्यावी. आपल्या साक्षीबरोबर आपल्या विश्वासार्हतेचा दाखलाही स्वतःच सादर करणारे साधन हाती असणे ही लहान गोष्ट नव्हे.

हे तंत्र मावळच्या मातीत कसे रुजले, त्याचा वृत्तांत अगदी अलीकडचा आहे. लोणावळ्याच्या नांगरगाव भागात औद्योगिक सहकारी वसाहत आहे, आणि तेथे पुण्याच्या मायलॅब डिस्कव्हरी सोल्यूशन्स या कंपनीचा निदानसंचांचा कारखाना आहे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोविडची साथ देशात शिरत असता विषाणुशास्त्रज्ञ मीनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखालील गटाने, एरवी तीन-चार महिने खाणारे काम सहा आठवड्यांत उरकून, विषाणू ओळखणारा संच सिद्ध केला. त्या स्वतः त्या वेळी गरोदर होत्या. १८ मार्च रोजी संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे परीक्षेसाठी सुपूर्द झाला आणि त्यानंतर लगेचच त्यांनी कन्येस जन्म दिला. २३ मार्च रोजी या संचास व्यापारी विक्रीची मंजुरी मिळाली, आणि पूर्णपणे भारतात तयार झालेला अशा प्रकारचा तो पहिला संच ठरला.

तो संच प्रयोगशाळेतच चालणारा होता. त्याला यंत्र लागे, प्रशिक्षित हात लागत आणि अडीच तास लागत. परंतु सव्वा वर्षाच्या आतच याच कंपनीने पुढचे पाऊल टाकले. १९ मे २०२१ रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने घरच्या घरी करावयाच्या कोविड-चाचणीस संमती दिली, आणि मान्यता मिळालेला पहिला संच मायलॅबचा ‘कोविसेल्फ’ हा होता. तेव्हाची किंमत २५० रुपये. उत्तर १५ मिनिटांत. त्यासाठी नमुना नाकातून घ्यावा लागे, रक्त लागत नसे. पण पट्टीवरून रेघेपर्यंत जाण्याचे तत्त्व हिवतापाच्या पट्टीचेच. पट्टीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दमट हवा, आणि म्हणूनच अशा पट्ट्या कोरड्या केलेल्या खोल्यांत बनवून, आर्द्रता शोषणाऱ्या पुडीसह धातूच्या वेष्टनात बंद केल्या जातात. महाराष्ट्रातील अत्यंत पावसाळी गावांपैकी एकात ती विद्या नांदावी हा योग मला लक्षणीय वाटतो.

इतके कौतुक केल्यावर कर्तव्य म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण जी चाचणी हाताशी असते ती विचार न करता वापरली जाण्याचा संभव अधिक असतो. २०२० च्या एप्रिलमध्ये परदेशातून आणलेले, बोटाच्या रक्तावर चालणारे प्रतिपिंड-चाचणीचे संच राज्यांना वाटण्यात आले. ज्यांची बाधा आधीच सिद्ध झालेली होती अशा रुग्णांवर ते लावून पाहता कोठे ६ टक्के तर कोठे ७१ टक्के इतकीच अचूकता आढळल्याचे परिषदेचे डॉ. रमण गंगाखेडकर यांनी जाहीर केले, आणि परिषदेने ते संच वापरणे थांबवण्याचा हुकूम काढला. तत्त्व निर्दोष असले तरी प्रत्येक उत्पादनाची रुजवात स्वतंत्रपणे झाली पाहिजे, हा त्या प्रसंगाचा धडा होय. याच लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना करून, योगासारख्या परंपरेने पूज्य मानलेल्या विद्येचीही प्रयोगशाळेत उपकरणांनी परीक्षा घेण्याचा परिपाठ घातला होता. आदर आणि परीक्षा यांत विरोध नाही ही शिकवण या गावाला नवी नाही.

दुसरा धडा ‘नाही’ या उत्तराचा आहे. कोविसेल्फला संमती देतानाच परिषदेने सांगितले होते की, पट्टीने ‘होय’ म्हटले तर ते खरे मानावे, फेरतपासणी नको. परंतु लक्षणे असूनही पट्टी ‘नाही’ म्हणाली तर प्रयोगशाळेतील चाचणी अवश्य करावी. याचे कारण उघड आहे. डोळ्याला रेघ दिसण्यासाठी कण पुरेशा संख्येने अडकावे लागतात, आणि रोगाचे प्रथिन अल्प असेल तर रेघ उमटतच नाही. म्हणजे पट्टीचे मौन हा निर्दोषत्वाचा दाखला नसून केवळ पुराव्याचा अभाव असू शकतो. हिवतापात याच्या उलटही घडते: रोग बरा झाल्यावरही फाल्सिपेरम जातीच्या परोपजीवीचे एक प्रथिन काही आठवडे रक्तात रेंगाळते आणि पट्टी गेलेल्या शत्रूची वर्दी देत राहते. डेंग्यूच्या बाबतीत तर शासकीय कार्यक्रम निश्चितीसाठी आजही त्वरित पट्टीपेक्षा प्रयोगशाळेतील एलायझा चाचणीवरच भरवसा ठेवतो, आणि तिचा एक महत्त्वाचा संच पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थाच तयार करते.

रेघेच्या पलीकडे जाऊन अंक सांगणारे संवेदक हा या विद्येचा पुढचा टप्पा आहे, आणि त्यातील अडचण किती मोठी आहे हे एका तुलनेने कळेल. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साखर सुमारे १०० मिलिग्रॅम असते. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूतून पाझरणारे ट्रोपोनिन हे प्रथिन मात्र एका लिटरमध्ये १४ नॅनोग्रॅमच्या वर गेले की डॉक्टर सावध होतात. रेणूंची संख्या काढली तर साखरेचे रेणू ट्रोपोनिनच्या सुमारे हजार कोटी पट भरतात. साखर मोजणारे यंत्र स्वस्त व सुलभ का झाले आणि हृदयाचे का अजून दुर्लभ आहे, याचे बरेचसे मर्म या एका आकड्यात आहे.

या आव्हानास निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी उत्तरे शोधली गेली. हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स लीबर यांच्या गटाने २००१ साली सिलिकॉनच्या अब्जांशी तारेवर प्रतिपिंडासारखे ग्राहक रेणू बसवून दाखवले. रेणू येऊन बसला की त्याच्या विद्युत्भाराने तारेतील प्रवाह बदलतो. मुंबईत पवईच्या आयआयटीत, जेथे २००६ साली अब्जांशी इलेक्ट्रॉनिकीचे केंद्र उभे राहिले, तेथे हृदयविकाराच्या निदानासाठी प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या सूक्ष्म तरफांवर संशोधन झाले. रेणूंच्या बैठकीने तरफ किंचित वाकते आणि ते वाकणे विजेच्या भाषेत वाचता येते. परंतु शुद्ध द्रावणात जे साधते ते रक्तात साधेलच असे नाही. रक्त खारट असल्याने त्यातील क्षारांचे कण रेणूचा विद्युत्भार एका नॅनोमीटरच्या आतच झाकून टाकतात. शिवाय रक्तद्रवाच्या एका लिटरमागे ४० ग्रॅमांच्या आसपास असलेले अल्ब्युमिन हे प्रथिन मिळेल त्या पृष्ठभागावर जाऊन बसते आणि खऱ्या पाहुण्याची जागा अडवते.

निसर्गाच्या या अटी जो मोजमापात धरीत नाही त्याची काय गत होते, हे अमेरिकेतील थेरॅनॉस कंपनीच्या कैफियतीवरून जगाने पाहिले. बोटातून काढलेल्या रक्ताच्या काही थेंबांवर शेकडो चाचण्या करून देण्याचा तिचा दावा होता. बोट दाबून काढलेल्या रक्तात ऊतींतील द्रव मिसळतो, काही पेशी फुटतात, आणि थेंब जितका लहान तितका दुर्मिळ रेणूंचा हिशोब डळमळीत होतो. या गोष्टी गुंतवणूकदारांच्या उत्साहाने बदलत नाहीत. २०२२ च्या जानेवारीत कंपनीच्या संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले. लहान थेंबाची विद्या खोटी नाही. पण ती एका वेळी एकच प्रश्न विचारून, त्याचे उत्तर पुनःपुन्हा पडताळून, संथपणे पुढे जाणारी विद्या आहे.

आता आपण पुन्हा मावळच्या खोऱ्यात येऊ. आषाढातील एखाद्या दुपारी आशा कार्यकर्ती तापलेल्या माणसाच्या उशाशी बसून पट्टीवर रक्त ठेवते आणि घड्याळ पाहते, तेव्हा त्या पंधरा-वीस मिनिटांत फॅरडेंचे लाल पाणी, गुस्ताव मी यांचे गणित आणि अज्ञात काचकारागिरांचे हात तिच्या हातात एकवटलेले असतात. ही पट्टी ठरलेल्या वेळेच्या आत वाचायची आणि वेळ उलटून गेल्यावर उमटलेल्या रेघेवर विश्वास ठेवायचा नाही, एवढे तिला शिकवलेले असते. आणि माझ्या मते त्या सोन्याच्या कणांइतकेच हे शिक्षणही मोलाचे आहे. रेघ उमटली तर गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या पाहिजेत, त्या तिच्या पिशवीत असल्या पाहिजेत, आणि रोगी अत्यवस्थ असेल तर त्याला खाली नेणारे वाहन व पावसात टिकणारी वाट असली पाहिजे. पूर्वी अहवाल आठवडाभर वाटेत असे, तेव्हा विलंबाचा दोष वाटेला देता येत असे. आता उत्तर रोग्याच्या उशाशीच मिळते, आणि त्यानंतर होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिराचा जाब वाटेला नव्हे, आपल्यालाच द्यावा लागतो.